बॉयलरवाल्याची कचरायात्रा

सोमवार, नाशिक

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात बॉयलर मेंटेनन्सला सगळी नोकरी घालवलेल्या माणसानं निवृत्तीनंतर अष्टविनायक करावेत, असं घरच्यांचं मत. मी कचरा डेपोंची यादी केली. सौ. म्हणाली, "जा, पण आल्यावर ते कपडे बाहेरच्या मोरीत."

कारण साधं होतं. स्वीडन परदेशातून कचरा विकत आणतो आणि त्यावर घरं उबदार ठेवतो, आणि आपल्याकडे बघा, हा मेसेज मला रोज सकाळी किमान दोन ग्रुपवर येतो. स्वीडन कचरा आणतो हे खरं, पण विकत नाही. उलट तो घेण्याचे पैसे त्यालाच मिळतात. आपल्याकडे काय चाललंय ते मात्र ग्रुपवर कुणालाच धड सांगता येईना. म्हटलं, आपणच बघून यावं. थंडी आहे, वास कमी येईल.

पहिला मुक्काम घरचाच. पाथर्डीजवळचा महापालिकेचा खत प्रकल्प, पांडवलेण्यांच्या डोंगराच्या पलीकडे. त्याच भागात २०१७ साली एक वेगळा कारखाना सुरू झाला. जर्मन सरकारच्या निधीतून, त्यांच्या जीआयझेड या संस्थेच्या मदतीनं. गंमत अशी की त्यात दोन गोष्टी एकत्र जातात: हॉटेलांतलं उरलंसुरलं अन्न आणि सार्वजनिक शौचालयांच्या टाक्यांतला मैला. दिवसाला दोन्ही मिळून ३० टन, आणि वीज ३,३०० युनिट, असा त्याचा आराखडा.

आत गेल्यावर पहिल्यांदा दिसतं ते निवडायचं टेबल. हॉटेलची गाडी ओतली गेली होती. भात, पोळ्यांचे तुकडे, पिळलेल्या लिंबांच्या फोडी, कोबीची पानं आणि त्यात स्टीलचे चमचे. दोन बाया हातमोजे घालून भराभर वेचत होत्या. एकीनं बाजूच्या डब्याकडे बोट केलं. अर्धा डबा चमच्यांनी भरला होता. "हॉटेलवाले परत न्यायला येत नाहीत का?" विचारलं तर ती म्हणाली, "काका, इथं कोण येतंय?"

निवडलेलं अन्न दळून त्याचा पातळ रबडा करतात, त्यात मैला मिसळतो आणि सगळं बंद टाकीत जातं. तिथं हवा नाही. साधारण ३५ ते ३८ अंशांवर जिवाणू ते खातात आणि वायू सोडतात. त्यातला निम्म्याहून जास्त मिथेन, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड. तो काढला नाही तर इंजिनाची वाट लागते. नुसता मैला टाकला तर गॅस फारसा येत नाही, कारण त्यातला जोर आपल्या पोटात आधीच निघून गेलेला असतो. नुसतं अन्न टाकलं तर टाकी आंबट होऊन बसते. दोन्ही एकत्र केले की जमतं. ज्यानं हे नाशिकसाठी सुचवलं त्याला दाद दिली पाहिजे, कारण शौचालयांच्या टाक्या उपसून नाल्यात ओतणं हा आपल्या बहुतेक शहरांचा उघड रिवाज आहे आणि त्यावर तोडगा म्हणून सहसा काहीच सुचवलं जात नाही.

बाहेर येऊन चहा घेताना पाकिटाच्या मागे हिशोब केला. ३,३०० भागिले ३०, म्हणजे टनाला ११० युनिट. एकलहऱ्याला एक टन कोळशात आम्ही ढोबळमानानं तेराशे-चौदाशे युनिट काढायचो. बघायला हे भिकार वाटतं. पण ज्या मालात पाऊण भाग पाणी आहे, तो जाळायला गेलात तर युनिट मिळणं सोडाच, वरून डिझेल ओतावं लागेल. ओल्याला टाकी, सुक्याला भट्टी. ही सरळ गोष्ट पुढचे सगळे दिवस डोक्यात राहिली, आणि पुढे जे काही बिघडलेलं ऐकलं ते याच ठिकाणी बिघडलेलं.

आणखी एक. इंदूरनं २०२२ मध्ये हाच ओला कचरा घेऊन दिवसाला ५५० टनांचा कारखाना काढला, पण तिथं वीज करत नाहीत. गॅस शुद्ध करून दाबून भरतात आणि शहराच्या बस त्यावर चालवतात. मला ते जास्त पटतं. इंजिनात गॅस जाळून वीज केली की साठ टक्क्यांच्या आसपास उष्णता हवेत जाते. तोच गॅस थेट डिझेलच्या जागी वापरला तर पैसेही जास्त येतात. मी आयुष्यभर वीज बनवली म्हणून प्रत्येक गोष्टीची वीजच झाली पाहिजे असं काही नाही.

मंगळवार, नाशिक ते पुणे

एसटीनं निघालो. संगमनेरपर्यंत झोप, नारायणगावला मिसळ, चाकणला ट्रॅफिक. यापलीकडे त्या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. गंमत एवढीच की कचरा जाळून चौदा मेगावॅट वीज करणारी भट्टी बघायला ज्या मोशीला उद्या जायचं ती याच हमरस्त्यावर आहे. भाचा म्हणाला होता, "मामा, उतरू नका तिथं, पास उद्याचा आहे." त्यामुळे खिडकीतूनच नमस्कार केला.

भाचा औंधला राहतो. संध्याकाळी त्याच्या सोसायटीत एक वेगळं शिक्षण झालं. पुण्यात घरोघरचा कचरा 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बाया उचलतात. त्यांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ पासूनची. 'स्वच्छ' आली २००८ च्या सुमाराला. सोसायटीचा पुठ्ठा नेण्यासाठी मावशी दुसरी फेरी मारायला आल्या होत्या. जिन्याखाली बसून त्या कोरड्या कचऱ्याचे ढीग करत होत्या. दुधाच्या पिशव्या एका गोणीत, पाण्याच्या बाटल्या दुसरीत, पुठ्ठा चपटा करून बांधलेला. उरला एक चमचमता ढीग: वेफर्सची, बिस्किटांची, शाम्पूची पाकिटं.

"आणि हे कुठं जाणार, मावशी?"

"हे कुणी घेत नाही बघा. प्लास्टिक आन् चांदीचा कागद चिकटलेला असतो. वजनाला पण काय नाय. हे गाडीत."

मी मनातल्या मनात वेगळाच हिशोब करत होतो. भट्टीला हवी असते उष्णता, आणि कचऱ्यातली उष्णता असते कागदात, पुठ्ठ्यात, प्लास्टिकमध्ये. म्हणजे मावशींच्या गोणीत. मावशींनी त्यांचं काम नीट केलं तर भट्टीच्या वाट्याला ओलसर पालापाचोळा, माती आणि ही पाकिटं. भट्टीवाल्याचं पोट भरायचं तर मावशींची गोणी रिकामी राहायला हवी. हा झगडा जगभर आहे, आणि कंत्राटात महापालिकेनं रोज अमुक टन कचरा देईन असं लिहून दिलं की तो आणखी टोकदार होतो, कारण मग शहरानं कचरा कमी केला तर दंड शहरालाच. भाच्याला हे सांगितलं. तो आयटीतला. म्हणाला, "मामा, पण ही पाकिटं तर जाळता येतील ना?" येतील. फक्त तेवढ्यावर चौदा मेगावॅट चालत नाही.

बुधवार, मोशी

ज्यासाठी आलो तो दिवस. भाच्यानं रजा काढली, गाडी काढली, आणि गेटवर आमच्या दोघांची आधारकार्डं दाखवून आत गेलो.

पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या मोशी डेपोवरचा हा प्रकल्प अँटनी लारा या कंपनीचा. क्षमता १४ मेगावॅट. सुमारे ३०० कोटींचा खर्च, वर्षाला अडीच लाख टन कचरा, असं सरकारी पत्रकात आहे. पंतप्रधानांनी १ ऑगस्ट २०२३ ला उद्घाटन केलं. इथली वीज महापालिका स्वतःच्याच पाणीपुरवठा आणि सांडपाण्याच्या केंद्रांना वापरते. पंप चालवणं हा कुठल्याही महापालिकेचा मोठा वीजखर्च, तेव्हा ही जोडणी अकलेची आहे.

प्लांट बाहेरून बघितला तर आपल्याच घरचा वाटला. चिमणी, कन्व्हेयर, पाइपांवर ॲल्युमिनियमचं आवरण, कूलिंग टॉवरची वाफ. भाच्यानं नाक धरलं होतं, मी मात्र टर्बाइनचा आवाज ऐकत होतो. तीन २१० मेगावॅटच्या संचांशेजारी आयुष्य काढलेल्या माणसाला १४ मेगावॅटचं मशीन खेळण्यासारखं वाटेल असं म्हणालो होतो, पण आवाज तोच, सूर जरा वरचा.

खरी जागा म्हणजे पिट. एका काचेच्या केबिनमधून खाली बघायचं. समोर काँक्रीटची प्रचंड खोल विहीर आणि तीत कचरा. वरून क्रेनचा पंजा उतरतो, सहा-आठ बोटं मिटतात, दोनेक टन उचलले जातात, वर नेऊन पुन्हा तिथंच सोडले जातात. पुन्हा उचल, पुन्हा सोड. भाचा म्हणाला, "हा टाकत का नाहीये?" क्रेनवर बसलेला पोरगा पंचविशीतला असेल. त्यानं वळून न बघताच उत्तर दिलं, "मिक्स करतोय. एकदम सुकं गेलं तर भडकतं, एकदम ओलं गेलं तर विझतं."

मी त्याच्या मागेच खुर्ची ओढून बसलो. कोळशाच्या बॉयलरमध्ये आम्ही कोळसा पिठासारखा दळून फुंकायचो. खाण बदलली तरी फरक दहावीस टक्क्यांचा, आणि तेवढ्यावरही शिफ्टमध्ये आरडाओरडा. इथं एका पंज्यात उसाचं चिपाड, दुसऱ्यात ओल्या भाज्या, तिसऱ्यात गादी. गादी मी स्वतः पाहिली. सगळा प्लांट एकसारखा चालणं न चालणं या पोराच्या डोळ्यावर आहे. कचरा आल्या आल्या जाळत नाहीत. तो पाच-सात दिवस पिटमध्ये मुरवतात. तेवढ्यात त्यातलं काळं पाणी खाली निथळतं आणि आतल्या आत तो गरम होऊन थोडा सुकतो. निथळलेलं पाणी वेगळ्या टाकीत जातं आणि त्याला स्वतंत्र शुद्धीकरण लागतं, कारण ते गटाराच्या पाण्याच्या कितीतरी पट जहाल असतं.

आणि वास? केबिनबाहेर जेवढा अपेक्षित होता तेवढा नव्हता. यात एक सुरेख युक्ती असते. भट्टीला लागणारी हवा पंखे या पिटमधूनच ओढतात. त्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी राहतो, दार उघडलं तरी हवा बाहेर यायच्या ऐवजी आत जाते, आणि वास भट्टीत जळतो. अर्थात भट्टी चालू असेल तोवर. बंद पडली की पंखेही बंद आणि मग आसपासच्या गावांना लगेच कळतं.

खाली ग्रेटजवळच्या, म्हणजे कचरा जिच्यावर जळतो त्या जाळीजवळच्या, बघण्याच्या भोकातून आत डोकावलो. लोखंडी पायऱ्या आळीपाळीनं पुढे-मागे सरकतात आणि कचरा त्यावरून हळूहळू उतरत जातो: वर सुकतो, मधे पेटतो, खाली राख. पहिल्या दोन पायऱ्यांवर ज्वाळाच नव्हती, नुसती वाफ. ओली लाकडं चुलीत घातली की आधी चुलीचीच ऊब खातात, तसं. आपल्या शहरांतल्या मिश्र कचऱ्यात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असतं. म्हणून इथं आधी वर्गीकरण करून ओला भाग खताकडे काढतात आणि सुका भट्टीकडे.

जेवणाच्या सुट्टीत पुन्हा पाकीट काढलं. १४ मेगावॅट गुणिले २४ तास म्हणजे ३ लाख ३६ हजार युनिट. वर्षाचे अडीच लाख टन म्हणजे दिवसाला सातशेच्या आत. टनाला ४९० युनिटच्या आसपास. आता अशा प्लांटची कार्यक्षमता वीस-बावीस टक्के धरली, तर कचऱ्यात किलोमागे दोन हजार किलोकॅलरी उष्णता तरी हवी. २०१६ च्या घनकचरा नियमांत म्हटलं होतं की १,५०० किंवा त्याहून जास्त किलोकॅलरीचा, पुनर्वापर न होणारा कचरा जमिनीत पुरू नये, ऊर्जेसाठीच वापरावा. म्हणजे नियमातल्या किमान कचऱ्यावर ही मशीन पूर्ण भरात चालणार नाही. त्याहून बरा माल लागतो, आणि तो वर्गीकरणातून मिळवावा लागतो.

"वीस-बावीसच का?" भाच्यानं विचारलं. "तुमच्याकडे तर पस्तीस टक्के होती म्हणता."

याचं उत्तर पीव्हीसी, म्हणजे क्लोरीन असलेलं प्लास्टिक. कचऱ्यात चपलांचे तळवे, वायरींची आवरणं, पाइपचे तुकडे असतात. त्यातला क्लोरीन जळताना सुटतो आणि फार तापलेल्या नळ्या खाऊन टाकतो. म्हणून जगभर अशा बॉयलरमध्ये वाफ चारशे अंशांच्या आसपास ठेवतात. आम्ही ५४० ला ठेवायचो. वाफ जेवढी कमी तापलेली तेवढी टर्बाइनमधून वीज कमी. लोकांना वाटतं तंत्रज्ञान मागासलेलं आहे. तसं नाही, नळ्या वाचवायच्या तर हे करावंच लागतं. वाफ आणखी तापवणाऱ्या सुपरहीटरच्या फुटलेल्या नळ्या रात्री दोन वाजता बदललेल्या माणसाला ते लगेच पटतं.

त्याच क्लोरीनची दुसरी भीती म्हणजे डायॉक्सिन, जळताना तयार होणारं जहाल विष. धूर किमान दोन सेकंद ८५० अंशांच्या वर राहिला पाहिजे, मग तो झटकन थंड झाला पाहिजे, मग चुना, मग सक्रिय कार्बन, मग पिशव्यांचे फिल्टर. मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम. धुरातली धूळ, सल्फर, नायट्रोजनचे ऑक्साइड यांचे आकडे गेटजवळच्या फलकावर चालू असतात. डायॉक्सिनचा आकडा तसा दाखवता येत नाही, नमुना घेऊन खास प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. एवढ्यासाठीच दिल्लीत ओखल्याच्या, २०१२ पासून चालू असलेल्या प्लांटशेजारचे रहिवासी इतकी वर्षं कोर्टकचेऱ्या करताहेत. चिमणी आणि गॅलरी यांच्यात फारसं अंतर नाही तिथं. माझ्या मते तंत्र दोषी नाही, जागा दोषी आहे, आणि आकडा दाखवता येत नसेल तर जागेच्या बाबतीत हावरेपणा करू नये.

दिल्लीवरून आठवलं. आमच्या ट्रेनिंगच्या काळात एक सर तिमारपूरची गोष्ट रंगवून सांगायचे. १९८७ साली डेन्मार्कची भट्टी आणून तिमारपूरला बसवली, दिवसाला ३०० टन, पावणेचार मेगावॅट. तीन आठवडे चालली. भट्टी बनवली होती किलोमागे चौदाशे-साडेचौदाशे किलोकॅलरीच्या कचऱ्यासाठी, आणि दिल्लीनं दिला त्याच्या निम्म्या कसाचा. धूळ, माती, राख, भाज्यांची सालं. बाकीचं रद्दीवाल्यानं आधीच उचललेलं. पुढे लखनौचा गॅसवाला प्रकल्पही तसाच अडकला, तिथं ओला कचरा हवा होता आणि मिळाला माती-प्लास्टिक मिसळलेला. सर म्हणायचे, मशीन घ्यायच्या आधी महिनाभर कचरा तोला. मोशीला मात्र कुणीतरी तोललेला दिसतो.

निघताना बाहेरच्या बाजूला राखेचे दोन वेगळे रस्ते दाखवले. ग्रेटखालची जाड राख वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास, ती भरावाला किंवा विटांना चालू शकते. फिल्टरमधली बारीक राख थोडी, पण घातक. तिला वेगळ्या बंदिस्त खड्ड्यातच टाकावं लागतं. 'कचरा शून्य' असं जे लिहितात ते म्हणूनच खरं नसतं. जागा मात्र खूप वाचते.

संध्याकाळी सहाची हुतात्मा एक्सप्रेस धरली. भाच्यानं कपड्यांचा वास घेऊन बघितला आणि मला गाडीच्या मागच्या सीटवर बसवून स्टेशनला सोडलं.

गुरुवार, सोलापूर

साडूंकडे मुक्काम. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा अजून चालू होती. सकाळी शेंगाचटणी आणि कडक भाकरी, दुपारी साडूंच्या मित्राच्या शेतावर हुरडा. कचऱ्याला जेमतेम दोन तास मिळाले.

तुळजापूर रस्त्याच्या बाजूला सोलापूरचा प्रकल्प आहे, ४०० टनांचा आणि ३ मेगावॅटचा, साधारण २०१२-१३ मध्ये उभा राहिलेला. हा पिंपरीसारखा भट्टीचा नाही, नाशिकसारखा टाकीचा. पण नाशिकचा हॉटेलच्या निवडक अन्नावर चालतो, आणि इथं अख्ख्या शहराचा घरगुती कचरा घेऊन त्यातून ओला भाग काढायचा, असा बेत होता. देशात एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे आधी क्वचितच कुणी केलं असेल. आमच्याकडे लेखी परवानगी नव्हती, म्हणून कुंपणापासूनच पाहिलं. साडू आयुष्यभर चादरीच्या कारखान्यात होते. ते म्हणाले, "अहो, या गावाच्या कचऱ्यात सूत आणि चिंध्या किती असतात ते आम्हाला विचारा. पंपात एक दोरा अडकला की दिवस गेला." ते प्लांटबद्दल बोलत नव्हते, कारखान्यातल्या सांडपाण्याच्या पंपाबद्दल बोलत होते, पण मुद्दा इथंही लागू आहे. जिवाणू आपलं काम चोख करतात. त्यांच्यापर्यंत जाणारा रबडा स्वच्छ करणं, दगड, काच, चिंधी काढणं, यातच असल्या प्रकल्पांचा जीव जातो.

रात्री अंगणात पैशाचा विषय निघाला. साडूंचा प्रश्न व्यापाऱ्याचा: "युनिट पडतं कितीला?" केंद्रीय वीज नियामक आयोगानं २०१५-१६ साठी कचऱ्याच्या विजेचा दर युनिटला सात रुपयांच्या वर धरला होता. दोनच वर्षांत राजस्थानात सौरऊर्जा अडीच रुपयांच्या आत आली. "मग कोण घेतं ही वीज?" घ्यावीच लागते. २०१६ च्या वीजदर धोरणात वितरण कंपन्यांना अशी सगळी वीज घ्यायची सक्ती आहे. त्यावर ते म्हणाले, "म्हणजे धंदा विजेचा नाहीच." नाहीच. शहराला कचरा नाहीसा करून हवा आहे, त्याचे पैसे ते एका हातानं टनावर देतं आणि दुसऱ्या हातानं युनिटवर. वीज म्हणजे त्या खर्चातली परतफेड. हे एवढं सरळ कुणी सांगत नाही, कारण 'कचऱ्यापासून सोनं' म्हटलं की नगरसेवकांच्या बैठकीत ठराव लवकर होतो.

शुक्रवार, वाडीमार्गे हैदराबाद

पहाटेची हुसेनसागर. साडूही बरोबर आले, कारण त्यांना तेलुगू येतं. सोलापुरात गिरणी-मागाच्या धंद्यात राहिलेल्या माणसाला तेलुगू न येणं जवळपास अशक्यच. पद्मशाली मंडळींनी अर्ध्या शहराची भाषा तीच केली आहे.

कलबुर्गी गेलं, शहाबाद गेलं, आणि वाडी जंक्शनला सिमेंटच्या चिमण्या दिसल्या. इथं मी साडूंना उठवलं, कारण कचरा जाळायची तिसरी जागा ही. शहरात न विकली जाणारी चिंधी, पाकिटं, फाटक्या पिशव्या सुकवून, कापून त्याचं इंधन करतात, त्याला सगळे आरडीएफ म्हणतात. सिमेंटच्या भट्टीत माल १,४५० अंशांपर्यंत तापतो, ज्वाळा त्याहून गरम. डायॉक्सिनला तिथं जगायला जागाच नाही, भट्टीतला चुना क्लोरीन-सल्फर धरतो, आणि राख वेगळी उरत नाही, सिमेंटमध्येच जाते. नवी चिमणी नको, नवं टर्बाइन नको, जेवढा कोळसा वाचला तेवढा फायदा. औंधच्या मावशींची ती चमचमती पाकिटं मी इथं पाठवीन. अडचण एकच, वाहतूक. हलका, फुगीर माल ट्रकनं दोन-तीनशे किलोमीटर न्यायचा, भाडं शहरानं द्यायचं की सिमेंटवाल्यानं, यावर कागद फिरत राहतात. विदर्भ आणि तेलंगणाच्या सीमेवर चुनखडीच्या पट्ट्यात एवढे सिमेंट कारखाने असताना आसपासची छोटी गावं स्वतःची भट्टी कशाला मागतात, हे मला समजत नाही. दीडशे टन कचऱ्याच्या गावाला बॉयलर परवडत नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे.

साडू म्हणाले, "हे ऐकवायला उठवलं?" आणि पुन्हा झोपले.

शनिवार, जवाहरनगर

हैदराबादच्या ईशान्येला जवाहरनगर. शहराचा कचरा वर्षानुवर्षं इथं येऊन पडला, एक कोटी टनांच्या वर. आता तो जुना डोंगर माती आणि प्लास्टिकच्या थरांनी झाकून वर गवत लावलं आहे, आणि मधून मधून गॅस बाहेर काढणारे पाइप उभे आहेत. त्याच आवारात २०२० मध्ये १९.८ मेगावॅटचा प्लांट सुरू झाला, नंतर तो २४ पर्यंत वाढवला. सुक्या, वेगळ्या काढलेल्या इंधनावर चालणारा.

आम्ही रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर थांबलो. साडूंनी तेलुगूत बोलणं काढलं. टपरीवाला आधी वाऱ्याची दिशा सांगायला लागला: कुठल्या महिन्यात वास कुठल्या वस्तीकडे जातो, हे त्याला पाठ. डोंगर झाकल्यावर फरक पडला का? पडला, म्हणाला, जाळ-धूर बंद झाला, पूर्वी उन्हाळ्यात डोंगर आतून पेटायचा. पण पाण्याचं काही बोलू नका. कचऱ्यातून झिरपलेलं काळं पाणी इथल्या तळ्यात उतरत राहिलं, आणि आसपासच्या विहिरी-बोअर गेल्या त्या गेल्याच. वीजेचं विचारलं तर तो हसला. वीज तारेतून शहरात जाते, त्याच्या टपरीचं बिल तेवढंच येतं.

डोंगराकडे बघताना भट्टीवरची माझी टीका जरा सौम्य झाली, हे कबूल करायला हवं. २०१७ च्या मार्चमध्ये इथिओपियात अदिस अबाबाच्या कोशे डेपोवर असाच डोंगर घसरला आणि शंभराहून जास्त माणसं गाडली गेली, त्यातली कित्येक तिथंच झोपड्या बांधून राहणारी. शेजारी तेव्हा रेपीचा प्लांट बांधला जात होता. पुढच्या वर्षी तो सुरू झाला, दिवसाला १,४०० टनांचा, आफ्रिकेतला पहिला म्हणून गाजलेला. त्याच २०१७ च्या सप्टेंबरात दिल्लीत गाझीपूरचा ढीग कोसळून दोघं गेले. तिथंही शेजारीच कचऱ्यापासून विजेचा प्लांट होता. म्हणजे प्लांट असून ढीग होताच. का, तर प्लांट खातो नवा कचरा, आणि तोही त्याला पचेल तेवढाच. जुना ढीग मातीच झालेला असतो, त्यात जाळण्यासारखं थोडं आणि खणून चाळण्यासारखं जास्त. ज्या शहरांना वाटतं की बॉयलर आला म्हणजे डोंगर जाईल, त्यांनी चाळणीवाल्याचं कंत्राट वेगळं काढावं.

टपरीवाल्यानं आमचे चहाचे पैसे घेतले नाहीत. साडूंचं तेलुगू त्याला त्याच्या आजोळसारखं वाटलं म्हणे.

रविवारी परतीची गाडी आहे. घरी फोन केला तर सौ. नं विचारलं, "झालं का समाधान?" नाही झालं. मी पाहिलं ते सगळं जानेवारीतलं, कोरड्या हवेतलं. मोशीच्या त्या क्रेनवरच्या पोराला मी निघताना विचारलं होतं, पावसाळ्यात काय करतोस? तो म्हणाला, "जुलैमध्ये या, सर. मग दाखवतो." भाच्याला घनकचरा विभागाकडे आताच अर्ज टाकून ठेवायला सांगितलं आहे.